डाग कशाचा, वस्तू कशाची

घटस्थापनेच्या आधी आमच्या भागात घरोघर दसरा काढतात. फडताळं रिकामी होतात, माळ्यावरचे डबे खाली येतात, गोधड्या-वाकळांना पाणी लागतं. नांदेडजवळच्या आमच्या विष्णुपुरीत एकीकडे विद्यापीठ, एकीकडे इंजिनिअरिंग कॉलेज आणि सरकारी दवाखाना, खाली गोदावरीवरचा बंधारा. वस्ती तशी नवी, फरश्या चकचकीत, पण दसरा काढायची घाई जुनीच. या साफसफाईतून उग्र वासाच्या बाटल्या मी हळूहळू कमी करत आणल्या. त्या काळात सासूबाईंकडून, शेजारच्या रसायनशास्त्राच्या सरांकडून आणि घरातल्या वस्तूंकडूनच जे कळत गेलं, ते इथं लिहिते आहे.

१. लिंबू हेसुद्धा ॲसिडच आहे, हे मला शहाबादी फरशीनं शिकवलं. माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात ही फरशी आहे. नांदेड आणि शहाबाद दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानातली. आज कलबुर्गी जिल्ह्यात असलेल्या त्या गावचा निळसर-करडा दगड मराठवाड्यातल्या घरांत, शाळांत, देवळांत सगळीकडे पोचला. ओट्याजवळ जिथं वर्षानुवर्षं लिंबं चिरली, लोणची कालवली, तिथं पांढुरके, हाताला खरखरीत लागणारे ठिपके आहेत. शेजारच्या सरांनी एका वाक्यात उलगडा केला: शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आंबट लागलं की तो बारीक बुडबुडे सोडत विरघळतो. म्हणजे तिथं डाग नाहीच, तिथला दगड कमी झालाय. मग कितीही घासलं तरी निघणार काय? कोटा फरशी आणि संगमरवर यांचीही हीच गत. तेव्हा व्हिनेगर, लिंबाच्या साली, चिंचेचं पाणी यातलं काहीही या तिन्ही दगडांना लावायचं नाही. बादलीभर कोमट पाणी, त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा, दुसऱ्यांदा साधं पाणी, आणि शेवटी कोरडं फडकं. एवढ्यावर शहाबादी फरशी अशी गुळगुळीत होते, की उन्हाळ्यात तिच्यावर पाठ टेकली तर उठावंसं वाटत नाही.

२. काळेपणा म्हणजे दर वेळी मळ नसतो. उदगीरकडच्या जुन्या घरांत बिदरची वस्तू सापडते: एखादं पानदान, एखादी सुरई. बिदर तिथून जवळ, आणि लेकी-सुनांची ये-जा पिढ्यानपिढ्यांची. आमच्याकडेही एक लहान डबी आहे. माझ्या धाकट्या जावेनं ती उजळवायला चिंचेचा गोळा हातात घेतला, तेव्हा सासूबाई आतून ओरडल्या, "काय घासायलीस गं? ते काळंच असतंय! तेलाचा हात दे फक्त." बिदरी धातूत बहुतेक जस्त असतं आणि थोडं तांबं. कोरलेल्या नक्षीत चांदीची तार किंवा पत्रा बसवतात आणि सगळ्यात शेवटी नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती यांचा लेप देतात. त्या लेपानं बाकीचा धातू काळाकुळकुळीत होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. कारागिरानं मेहनतीनं आणलेला तो काळा रंग आंबटानं घालवणं म्हणजे त्याचं काम पुसून टाकणं. मऊ कापडावर खोबरेल तेलाचे दोन थेंब, हलक्या हातानं पुसणं, बस. तेव्हापासून कुठलीही जुनी वस्तू हातात आली की आधी विचारते, ही मुळात कशी दिसत होती?

३. चिंचेचं खरं काम घासण्यात नाही, वेळेवर थांबण्यात आहे. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि त्याआधी समया, ताम्हण, घंगाळ, तांब्या-पेले अंगणात येतात. तांब्या-पितळेवर चढलेला काळपट थर चिंचेतल्या टार्टारिक आम्लात विरघळतो. मीठ घातलं की काम आणखी लवकर होतं. हे पाहताना दर वेळी नवल वाटतं: काळी पडलेली समई, तिच्यावरून भिजवलेल्या चिंचेचा एक हात, आणि खालून पिवळं सोनं वर येतं. पण जास्त वेळ ठेवलं तर जास्त चमकेल हा हिशेब पितळेला लागू नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट फार वेळ राहिलं की वरचं जस्त आधी निघून जातं आणि भांडं गुलाबी-तांबूस दिसायला लागतं. म्हणून सासूबाईंचा क्रम ठरलेला: एका वेळी एकच भांडं, चोळलं की धुवायचं, धुतलं की पुसायचं, पुसलं की उन्हात. भांड्यावर पाणी राहिलं तर सकाळपर्यंत ठिपके पडतात आणि सगळी मेहनत वाया. यातलं पुसणं हे निम्म्याहून अधिक काम आहे, ते कुणी सांगत नाही. आणखी एक. आतून कल्हई केलेल्या पातेल्याला आतल्या बाजूनं चिंच-रांगोळी कधीच नाही. तो कथलाचा पातळ थर आहे. तो गेला की आमटी कळकलीच म्हणून समजा. कल्हईवाला आता वर्षातून एकदा आला तरी नशीब, त्यामुळे आहे ती कल्हई जपायची. ज्या चिंचेला आमटीत घालायची कुणाची तयारी नसते, ती जुनी, काळी, बरणीच्या तळाची चिंच या कामाला उत्तम.

४. राखेला मी फार उशिरा मान दिला. लहानपणी ती मोरीच्या कोपऱ्यात नारळाच्या करवंटीत पडलेली असायची आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते पाण्यात उतरलं की तेलकटपणाशी भिडतं आणि थोडाफार साबणच भांड्यावर तयार होतो. वर तिचे बारीक कण घासायलाही कामी येतात. साबण आणि घासणी, दोन्ही एकाच मुठीत! आता घरोघर गॅस आहे, चूल नाही, त्यामुळे राख गावाकडून आणावी लागते. आणलीच तर वस्त्रगाळ करून घ्या, नाहीतर एखादा खडा स्टीलच्या ताटावर कायमचा ओरखडा ठेवतो. आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्याला राखही नको, सोडाही नको. या अल्कलीनं ते काळं पडतं, झिजतं. त्याला थोडं आंबट चालतं, दगडाच्या अगदी उलट. घासायला मी वाळलेलं घोसाळं वापरते. वेलीवर शेवटी जून होऊन राहिलेलं एखादं घोसाळं सोलून, बिया झटकून ठेवलं की कित्येक दिवस पुरतं.

५. कशानं घासायचं याच्याइतकंच, किती पाण्यानं धुवायचं हेही महत्त्वाचं. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. मिरजेहून निघालेली पहिली जलदूत गाडी १२ एप्रिल २०१६ला लातुरात पोचली तेव्हा तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होतं. एका शहराच्या तहानेपुढं ते किती, हे तिथं राहणाऱ्यांनाच माहीत. माझ्या लातूरच्या नणंदेच्या घरी त्या उन्हाळ्यात भांडी धुवायची रीतच बदलली. आधी खरकटं कागदानं निपटून काढायचं, मग कोरड्या राखेनं घासायचं, मग ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि अगदी शेवटी पेलाभर पाणी. फेसाळ साबणानं घासलेलं भांडं फेस जाईपर्यंत खळबळावं लागतं, आणि पाणी खरं त्या फेसापायी जातं, ही गोष्ट नणंदेनं मला दाखवून दिली. विष्णुपुरीला शंकरसागर जलाशय डोळ्यांसमोर आहे, नांदेड शहराला पाणी तिथूनच जातं, म्हणून आम्हाला पाण्याचं दुर्भिक्ष्य कळत नाही. पण नणंदेच्या घरची ती रीत मी इथं सोडलेली नाही.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे त्यातला क्षार. आमच्या कॉलनीत बोअरचं पाणी आहे आणि त्यानं नळाच्या तोटीवर, बादलीच्या काठावर, शॉवरच्या छिद्रांत पांढरा थर धरतो. इथं मात्र आंबटाचं राज्य. हा थर चुन्याचाच, म्हणजे शहाबादी फरशीचा नातेवाईक. ज्या गुणामुळे लिंबू फरशीवर नको, त्याच गुणामुळे ते तोटीवर हवं! किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं. ते चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं तोटीला गुंडाळायचं आणि थोड्या वेळानं काढून धुवायचं. थर भुगा होऊन निघतो. तोटीखालची फरशी कोटाची असेल तर खाली आधी वाटी ठेवायची.

६. खाऱ्या पाण्यात साबणापेक्षा रिठा बरा. साबण क्षाराशी मिळून चिकट, पांढरट साका करतो आणि तोच पुन्हा बाथरूमच्या टाइलवर बसतो. रिठ्याचा फेस असा फसत नाही. नांदेडच्या इतवाऱ्यात काष्ठौषधीच्या दुकानात रिठे मिळतात. बिया काढून रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळून गाळायचे. चांदीची भांडी, रेशमी वस्त्रं, देवाचे टाक, चष्म्याची काच यांना ते पाणी फार मानवतं. फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडाभर टिकतं, बाहेर लगेच आंबतं. इतकी गुणी वस्तू, पण तिनंच मला नम्र केलं. रिठ्यातलं फेस करणारं द्रव्य, सॅपोनिन, माशांना मारक असतं. जगात कित्येक ठिकाणी असल्या वनस्पती ठेचून पाण्यात टाकून मासे धरत आले आहेत. हे कळल्यावर 'झाडाचं आहे, काय होतंय' असं म्हणणं माझ्या तोंडून बंद झालं. घरात वापरलेलं बादलीभर रिठ्याचं पाणी झाडांना, मोरीला चालतं, त्यातलं द्रव्य पुढं कुजून जातं. पण माशांच्या टाकीजवळ, डोहाजवळ ते ओतू नये. डोळ्यात गेलं तर आग आग होते, हे लहान मुलांच्या घरी ध्यानात ठेवावं. गोदावरीत काय जातं याची काळजी करताना आपण नेहमी कारखान्याकडं बोट दाखवतो. मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाणारं पाणी आपल्या हातचं आहे, बाटलीतलं असो की झाडावरचं.

७. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यानं काही साधत नाही. फसफसतं, बघायला छान वाटतं, आणि दोघं एकमेकांना निकामी करून बसतात. उरतं ते जवळपास पाणीच. सोडा वेगळा वापरा, तेलकटावर. व्हिनेगर वेगळं वापरा, क्षारावर आणि आरशावर.

८. घरातल्या बहुतेक पृष्ठभागांना काहीच लावायची गरज नसते. हे मला नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात उमगलं. दिवाळीच्या सुमारास तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये तख्त स्नान असतं. सेवेकरी आणि देशभरातून आलेले भाविक घागरी घेऊन गोदावरीवर जातात, पाणी आणतात, आणि सगळा परिसर धुऊन काढतात. महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत उभी राहिलेली ती वास्तू. त्या दिवशी आतली ऐतिहासिक शस्त्रंही बाहेर काढून स्वच्छ करतात. म्हातारी माणसं गुडघ्यांवर बसून संगमरवराची एकेक फरशी हातानं पुसत असतात. पाणी, फडकं आणि हात. घरी येऊन मी कपाटाची दारं, खिडक्यांचे गज, टीपॉय, दिव्यांची बटणं बघितली. नव्वद टक्के तर धूळच होती! धुळीला ओलसर फडकं पुरतं. बाटली उघडायची ती राहिलेल्या डागासाठी, आणि तीही डाग कशाचा आहे हे ओळखल्यावर.

९. हळदीचा डाग उन्हाला भितो. आमचा मुलूख हळदीचा. वसमत, हिंगोली, नांदेडच्या बाजारात हळदीची पोती रचलेली दिसतात, आणि स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या ओट्यावर, डब्यांच्या झाकणांवर तिचे ठसे. साबण लावला की हा डाग लालबुंद होतो आणि बघणारा घाबरतो. घाबरायचं कारण नाही. अल्कली लागली की हळदीचा रंग लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. तो रंग काढायला काहीही घासत बसण्यापेक्षा डबा, झाकण, फडकं धुऊन सरळ कडक उन्हात ठेवा. हळदीतलं रंगद्रव्य उन्हात फिकं पडत जातं. मराठवाड्यात ऊन काही विकत घ्यावं लागत नाही.

१०. लाकडाला तेल द्यायचं, पण वाळणारं. माहेरच्या जुन्या माळवदाच्या घराचा सागवानी दरवाजा, खांब, तुळया यांना आजी दिवाळीआधी जवसाचं तेल चोळायची. शेंगदाण्याच्या तेलानंही लाकूड चमकतं, पण ते वाळत नाही. ते चिकट राहतं, धूळ धरतं आणि महिन्याभरात दार आधीपेक्षा मळकं दिसतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि पातळ पापुद्र्यासारखं लाकडावर बसतं. करडईचं तेलही सावकाश का होईना, वाळतं. पूर्वी ते तापवून त्याचं रोगण करत आणि पाण्यात राहणाऱ्या दोरांना, चामड्याला लावत. जवस आणि करडई दोन्ही आपल्या रब्बीची पिकं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईच्या जाती काढल्या, तरी शेतात मात्र त्या पिकाची जागा हरभऱ्यानं घेतलेली दिसते, याचं वाईट वाटतं. तेल अगदी थोडं घ्यायचं, फडक्यानं रेघांच्या दिशेनं चोळायचं, अर्ध्या तासानं राहिलेलं पुसून घ्यायचं. आणि हे फार महत्त्वाचं: जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, ती आतच कोंडली तर चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या तारेवर पसरून वाळू द्या, नाहीतर पाण्यात बुडवून मग फेका.

११. स्वच्छ दिसणं वेगळं आणि जंतू मरणं वेगळं. हे मान्य करणं मला सगळ्यात जड गेलं, कारण सारवणावर माझा जीव आहे. शेणानं सारवलेल्या जमिनीचा थंडावा, बोटांच्या अर्धगोल रेषा, वरून काढलेली रांगोळी हे सगळं डोळ्यांसमोर आहे. आमचे काही नातलग किल्लारीकडचे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर तिकडची कितीतरी गावं नव्या जागी, सिमेंटच्या घरांत गेली आणि जमीन सारवायचं कामच उरलं नाही. सारवणानं धूळ बसते, जमीन भेगाळत नाही, पायाला सुख वाटतं, हे खरं. पण शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. बाळंतिणीच्या खोलीत, उघडी जखम असलेल्या माणसाजवळ सारवण नको, असंच मी सांगते. तसंच लिंबू, व्हिनेगर, कडूलिंबाचा पाला यांच्या भरवशावर आजारपण निपटायला जाऊ नये. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील, कुणी दवाखान्यातून घरी आलं असेल, तर साबण, उकळतं पाणी, ऊन आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात ब्लीचिंगचं द्रावण, हेच बरोबर. २०२०पासूनच्या कोरोनाच्या दोन वर्षांत आपण सगळे हे शिकलो आणि ते विसरायला नको. फक्त ब्लीचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, लिंबू-व्हिनेगरसुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दार बंद असलेल्या लहान मोरीत तो जिवावर बेततो.

१२. साफसफाईचं खरं मोजमाप करणाऱ्याच्या हातांवर दिसतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या बोटांची टोकं भेगाळलेली, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. किती घरांत त्या काम करतात आणि प्रत्येक घरात काय काय वापरायला देतात, ते त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी गप्प बसले. दुकानात सुट्टं, बिनलेबलचं ॲसिड बाटलीत मिळतं, ते त्यांच्या हातात देणारा माणूस ते स्वतःच्या बोटाला लावून बघत नाही. विषारी नसलेलं काही वापरायचं ते आपल्या मुलाबाळांसाठी, असं आपण म्हणतो. ज्यांचे हात दिवसभर त्या पाण्यात असतात, त्यांची मुलंबाळंही तिकडं वाट बघत असतात. आमच्या घरी आता ॲसिडची बाटली येत नाही. ब्लीचिंग पावडर आहे, वरच्या फळीवर, झाकणावर नाव लिहून. मावशींसाठी रबरी हातमोजे आहेत आणि काम झाल्यावर लावायला खोबरेल तेलाची बाटली मोरीच्या बाहेरच्या खिडकीत आहे.

या वर्षी दसरा काढायला घ्याल तेव्हा तुमच्या घरचं काम जी बाई करते तिचे हात एकदा बघा, आणि बाजारातून काय आणायचं ते त्यानंतर ठरवा.